पाठमोरा आवाज

व्हिडिओ पाचच्या आत पाठवायचा होता आणि साडेचारलाच माझं डोकं फिरलं होतं.

लेकीचं बी.एड. होऊन दोन वर्षं झाली होती. पोरगी घरी शिकवण्या घेत बसलेली. मोशीच्या एका शाळेत गणिताच्या बाईंची जागा निघाली, तर त्यांनी आधी शिकवतानाचा व्हिडिओ मागितला. तो पसंत पडला तरच पुढची बोलणी. त्यामुळं सगळ्या घराचा जीव त्या व्हिडिओत अडकलेला. बायकोनं मोबाइलवर शूटिंग केलं आणि मी ते आमच्या जुन्या कॉम्प्युटरवर घेतलं. आमच्या दिघीच्या बिल्डिंगीत कॉम्प्युटरचं कुणाचं काही अडलं की माझ्याच दाराशी येतात. कारखान्यातल्या प्रेस शॉपमधला माणूस असलो म्हणून काय झालं, व्हिडिओ कापणं, जोडणं, आवाज वाढवणं, सगळं बघून बघून शिकलोय.

व्हिडिओ लावला. पोरगी समोर बघून बोलत होती तोवर झकास. "मुलांनो, ही एक भाकरी," म्हणाली, भाकरीचा गोल काढायला फळ्याकडं वळली आणि आवाज गायब! परत समोर वळली, आवाज आला. परत फळ्याकडं, परत गायब.

"अगं, फळ्याशी काय गुजगोष्टी करतेस? पाठ केली की आवाज गिळतेस तू!" मी ओरडलो.

"पप्पा, नीट येतोय आवाज. आहे तसा पाठवा, मी झेरॉक्स काढून येते," म्हणून ती खाली गेली. बायको दारात येऊन म्हणाली, "अहो, मला पार स्वयंपाकघरात ऐकू येतंय की."

"तुला काय कळतंय त्यातलं?"

खरं सांगतो, रागापेक्षा भीतीच जास्त होती. शाळेतल्यांनी दोन मिनिटं बघून 'बाईंचा आवाज पोचत नाही' म्हणून बंद केलं तर? एवढ्याशा गोष्टीवरून पोरीची नोकरी जायला नको होती.

आणि आवाजाचं मला कुणी सांगू नये. उभी हयात चाकणला पत्रा दाबणाऱ्या प्रेसपुढं गेली. प्रेस पडली की पायाखालची जमीन हलते. शेजारचा काय म्हणतो ते त्याच्या तोंडाकडं बघूनच कळतं. चहा आला, साहेब आला, शिवीसुद्धा बरोबर पोचते. इअरप्लग साहेब दिसला की कानात, एरवी गळ्यात. उकाड्यात कोण घालून बसणार राव!

सॉफ्टवेअरमध्ये आवाजाची रेघ उघडली. गंमत म्हणजे रेघ सगळीकडं सारखीच उंच दिसत होती, ती समोर बोलतानाही आणि फळ्याकडं बोलतानाही. म्हटलं, रेघेचं काय घेऊन बसलाय, देवानं कान दिलेत ना. फळ्याकडचा एकेक तुकडा धरून आवाज दुप्पट केला. छ्या! तिप्पट केला. शेवटी पार टोकाला नेला, स्पीकरही फुल केला, तेव्हा कुठं 'पाव भाकरी' एवढं हाती लागलं. मेलला व्हिडिओ जोडला. नेट नेमकं त्याच दिवशी रडत होतं. हिरवी पट्टी मुंगीच्या पावलानं सरकत होती आणि घड्याळ मात्र पळत होतं. तेवढ्यात कसं झालंय ते बघावं म्हणून मी व्हिडिओ पहिल्यापासून लावला.

बायको कानांवर हात दाबून धावत आली. "अहो, बंद करा ते! शेजारी काय म्हणतील!" तिच्यामागून पोरगी, जिना चढून धापा टाकत. तिनं माझ्या हातातला माउस हिसकावला आणि जाणारी मेल थांबवली.

"पप्पा, काय करून ठेवलंत हे! खालच्या दुकानापर्यंत येतंय! सगळा आवाज फाटलाय!"

"फाटलाय कुठं? आता तर जरा बरा झालाय!"

ती रडकुंडीला आली होती. तिनं मूळचा व्हिडिओ जोडला आणि आम्ही तिघं त्या पट्टीकडं बघत उभे राहिलो. पाचला अगदी थोडा वेळ उरला असताना मेल गेली. ती नोकरी तिला लागली, आता पाचवीला शिकवते. पण मला सांगायचंय ते मेल गेल्यानंतरचं.

मला वाटलं, आता भांडेल. ती मी केलेला व्हिडिओ परत लावून बघत बसली. थांबवायची, पुढं न्यायची, परत थांबवायची. मग माझ्याकडं वळून हळूच म्हणाली, "पप्पा, जिथं माझं तोंड दिसत नाही, बरोबर तिथंच वाढवलाय तुम्ही."

"मग तिथंच तर कमी आहे!"

तिचा राग कुठल्या कुठं गेला आणि ती कीव आल्यासारखी माझ्याकडं बघायला लागली. त्यापेक्षा तिनं मला चार शब्द सुनावले असते तर बरं झालं असतं.

ती उठून गॅलरीच्या दाराशी गेली आणि माझ्याकडं पाठ करून उभी राहिली. मला वाटलं, रुसली. रुसू दे, येईल जागेवर. मी कॉम्प्युटर बंद करायला लागलो. सहज बघितलं तर बायको एकदा तिच्याकडं बघत होती, एकदा माझ्याकडं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"काय झालं गं?" मी विचारलं.

बायको माझ्या अगदी समोर येऊन उभी राहिली. लहान मुलाला सांगावं तसं एकेक शब्द सुटा करून ती म्हणाली,

"अहो, तिनं तीनदा हाक मारली तुम्हाला."