दोन प्रोसेसर आणि मामांचं घड्याळ

मी लग्नं कापते. घाबरू नका, व्हिडिओ एडिटिंगला आमच्याकडे कापणंच म्हणतात. फोटोग्राफर लोक लग्नात पाच-सहा तास शूटिंग करतात आणि कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड माझ्या हातात आणून टाकतात. मग पंगतीत तोंड वासून घास घेणारे काका, कॅमेरा दिसला की मिशीवर हात फिरवणारे पाहुणे, असं एकेक काढत मी त्याचं दोन तासांचं लग्न करते. आधी मी हे मंचरच्या एका स्टुडिओत करायचे. जाऊन-येऊन दोन एसट्या आणि मालकाचं तोंड कायम वाकडं. एक दिवस त्यानं चार गिऱ्हाइकांसमोर माझ्यावर आवाज चढवला. मी हातातली कार्डं त्याच्या टेबलावर ठेवली, पर्स उचलली आणि थेट निरगुडसरला घरी आले. माझा राग असाच आहे, तो आधी येतो आणि विचार मागनं येतो.

घरी बसूनच काम करायचं असं ठरवलं खरं, पण घरचा कॉम्प्युटर म्हणजे काय सांगू! लग्न एक्स्पोर्टला, म्हणजे कापून झालेल्याची एक फाइल बनवायला, लावलं की माझ्या भाकरी व्हायच्या, धुणं व्हायचं, शेजारणीशी बोलून व्हायचं, तरी आकडा आपला चाळीस टक्क्यांवर बसलेला. पिंपरी पेंढारचा एक फोटोग्राफर आणि जुन्नरचा एक, दोघांनी मला या सीझनचं काम द्यायचं कबूल केलं होतं. पण वेळेवर पाहिजे, एकदा जरी उशीर झाला तर आम्ही परत स्टुडिओत जाणार, हे दोघांनीही तोंडावर सांगितलं होतं. नवं मशीन भिशीतनं घ्यायचं होतं आणि माझा नंबर वर्षातनं एकदाच लागतो. म्हणजे निवड चुकली तर पुन्हा त्या दोन एसट्या आणि पुन्हा तेच वाकडं तोंड.

मंचरच्या दुकानदारानं दोन पर्याय काढले. एक नव्या पिढीचा प्रोसेसर, कोअर चारच, पण वेग जास्त आणि किंमतही थोडी जास्त. दुसरा मागच्या पिढीचा, वेगानं जरा कमी, पण कोअर सहा आणि स्वस्त. कोअर म्हणजे आत काम करणारे हात समजा. मी मोबाइलवर पाहिजे तेवढे व्हिडिओ पाहिले. एक जण म्हणतो नवाच घ्या, दुसरा म्हणतो जुना घ्या आणि पैसे वाचवा, आणि दोघंही एसीत बसून बोलतात. माझी खोली पत्र्याची. चैत्रात तिथं माणूस टिकत नाही, मशीनचं काय घेऊन बसलात.

माझा कल जुन्याकडे होता. नवऱ्याचा नव्याकडे. त्याचं म्हणणं एकच, नवं ते नवं, दोन कोअर कमी असल्यानं काय आभाळ कोसळणार आहे? तो डेअरीत दूध मोजतो, पण बोलताना असा बोलतो की प्रोसेसर ह्यानंच बनवलाय. दोन दिवस आमची जुंपली. शेवटी तोच म्हणाला, भांडण कशाला, दोन्ही घड्याळावर लावू. दादा बसतील, दादांचा निकाल आला की विषय संपला.

दादा म्हणजे माझे सासरे. मी त्यांना मामा म्हणते. आमच्या भागात यात्रा म्हटलं की बैलगाडा शर्यत आलीच आणि मामांनी उभी हयात घाटावर, म्हणजे शर्यतीच्या चढावर, घड्याळ धरलं. निशाण पडलं की बटण, गाडा वर गेला की पुन्हा बटण, आणि भोंग्यावर आकडा पुकारला की तो आकडा कुणाच्या बापाला बदलता येत नाही. आता बऱ्याच घाटांवर सेन्सर आले आणि मामांना कुणी बोलवत नाही. पण पंचक्रोशीत त्यांचा शब्द अजून चालतो. दुकानदार स्वतः गाडामालक. मामा बसणार म्हटल्यावर त्यानं दोन्ही मशीन जोडून दोन दिवसांसाठी घरी पाठवली. रॅम तेवढीच, बाकीचं सामान सारखं, फरक काय तो प्रोसेसरचा.

सकाळी ओट्यावर टेबलं मांडली. आळीतले सात-आठ जण चहाच्या वासानं आलेच. मी म्हटलं, अख्खं लग्न लावून बघू. तर नवरा म्हणतो, एवढा वेळ कोण थांबणार, बारी लांबली की मजा जाते. त्यानं हळदीचा एक मिनिटाचा तुकडा निवडला. बारी म्हणजे गाड्याची घाटातली एक धाव, ती बारा-तेरा सेकंदांत बघायची सवय लागलेली माणसं ही. एकानं रुमाल खाली टाकला, मामांनी बटण दाबलं. नव्याला चौतीस सेकंद लागले, जुन्याला अडतीस.

"नवा पुढं. निकाल झाला," मामा म्हणाले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. नवऱ्यानं तिथल्या तिथं दुकानदाराला फोन लावून सांगितलं की नवा ठेवतो, जुना उद्या घेऊन जा.

माझं डोकं फिरलं. कारण आकडा खरा होता, त्यावर बोलणार काय? राग आला की बायका भांडी आपटतात. मी दोन्ही मशीन पत्र्याच्या खोलीत नेली आणि नव्यावर जुन्नरचं अख्खं लग्न एक्स्पोर्टला लावलं. भीमाशंकरच्या धुक्यातलं प्री-वेडिंगसुद्धा त्यातच. घे म्हटलं, आता पळ.

जेवणं झाल्यावर मामा सुपारी कातरत दारात आले. आत पंखा पिसाळल्यागत ओरडत होता, खोलीचा नव्हे, मशीनचा. अजून हे चालूच आहे का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मामा, माझं काम हे आहे, सकाळी झाली ती नुसती गंमत. प्रोसेसर तापला की आपणच वेग कमी करतो, सकाळी त्याला तापायला वेळच मिळाला नाही, हेही सांगितलं.

ते म्हणाले, "घाटातला बैल एक बारी पळतो आन् पिकअपमधनं घरी येतो. त्याला नांगराला कोण जुंपतंय? हे मला सकाळीच का न्हाई सांगितलं?"

"सांगत होते. ऐकलं कुणी?"

सासऱ्याला असं बोलायचं नसतं हे मला कळतं. पण बोलून बसले होते आणि खरं तेच बोलले होते. मामा रागावले नाहीत. प्लास्टिकची खुर्ची ओढून बसले, खिशातनं घड्याळ काढलं आणि म्हणाले, दोन्हीवर पहिल्यापासनं लाव.

त्या उकाड्यात ते दुपारभर बसून राहिले. मी पंख्याचं तोंड त्यांच्याकडे केलं तर त्यांनी ते मशीनकडे वळवलं. नव्यानं सुरुवातीला जोर दाखवला आणि मग जो बसला तो बसला. त्याच्यावर दुसरं काम उघडायला गेले तर माउससुद्धा अडकत अडकत चालला. जुन्यानं तेच लग्न पाऊण तास आधी संपवलं आणि ते चालू असताना मी त्याच्यावरच पिंपरी पेंढारच्या लग्नातला मांडवडहाळीचा विधीही कापून घेतला. मामांनी दोन्ही वेळा एका लग्नपत्रिकेच्या पाठीमागे लिहिल्या. मला एवढा आनंद झाला, पण निकाल तर सकाळीच लागला होता. मामांनी आजवर लागलेला निकाल फिरवलेला नव्हता, आणि त्यांचा मान होता तो त्याच्यावरच.

दिवे लागायच्या वेळेला नवरा डेअरीतनं आला. सकाळचे चौघं-पाच जण ओट्यावर होतेच. मामा बाहेर गेले आणि उभ्या उभ्या म्हणाले, "सकाळचा निकाल मी चुकीचा दिला. सहा कोअरवाला घ्यायचा."

नवरा चाचरत म्हणाला, "दादा, तुमी कधी निकाल फिरवत न्हाई. लोक काय म्हणतील?"

"न्हाई फिरवला, तेच चुकलं." मामा पायरीवर बसले. "एका यात्रेत एकाचा गाडा वर गेला तवा मी बटण उशिरा दाबलं व्हतं. मला तवाच कळलं. पण भोंग्यावर आकडा गेला व्हता, म्हणून गप बसलो. त्याचा पयला नंबर गेला. त्या माणसानं त्याच साली बैल विकले. पुन्हा घाटात आला न्हाई तो. घरात हे मी कुणाला सांगितलं न्हाई."

हातातली लग्नपत्रिका त्यांनी नवऱ्याकडे दिली. "हिचं तसं व्हायला नको. लाव दुकानदाराला फोन."

नवऱ्यानं ती उलटसुलट करून वाचली आणि फोन लावला. मी दारात उभी होते. मला रडू आलं आणि ते मला आवरलं नाही, एवढ्या माणसांसमोर. मामांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, पिंपरी पेंढारचं लग्न कधी द्यायचं आहे. म्हटलं, परवा.

"मग इथं उभी राहून रडती काय? आत जा, काम कर."