बांधावरचं टिनाचं घर

जानेवारीतला दुसरा मंगळवार, सकाळचे साडेअकरा. रक्कम अडतीस लाख बेचाळीस हजार सहाशे रुपये. हजर : भूसंपादनाचे साहेब, तलाठी आणि मी.

जऊळक्याकडच्या माझ्या दोन एकरांतून नवा रस्ता जाणार होता. जमीन, विहीर, चौसष्ट संत्र्याची झाडं, बांधावरचं टिनाचं घर, सगळ्याचा मोबदला माझ्या नावानं काढला होता. बेरीज मी दोनदा तपासली, बरोबर होती. वडिलांनी जन्मभर कसलेली जमीन सरकार एका नोटिशीनं घेऊ शकतं, मी नाही म्हटल्यानं काही अडत नाही, हे मला तोवर पुरतं कळलं होतं.

साहेबांनी यादीवर बोट ठेवलं. "या घरात कोण राहतं?"

"शेतावर काम करणारं जोडपं. बारा वर्षं झाली. सध्या ऊसतोडीला गेलेत. शेत माझंच आहे, साहेब."

"शेत तुमचं. घर कोणी बांधलं?"

वह्या बघून सांगतो, मी म्हणालो. तलाठी म्हणाला, सातबाऱ्यावर त्यांचं नाव नाही, म्हणून नोटीस काढली नाही. साहेबांनी पेनाला टोपण लावलं, त्या जोडप्यालाही नोटीस काढायला सांगितली आणि तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. माझं दोन एकर शेत ज्याला अडवू शकलं नाही, ते सरकार दहा टिनांपाशी थांबलं होतं.

त्या तारखेला जोडप्यातली बाई एकटीच आली. नवरा टोळीबरोबर उसाच्या फडात राहिला होता. रात्रभर एसटीत बसून आली होती, तरी खुर्चीवर बसेना.

"घर आमीच बांधलं, साहेब. टिना कारंज्याहून आनल्या."

"पावती?"

"पहिल्याच पावसात भिजून गेली."

साहेब माझ्याकडे वळले. "तुमचं काय म्हणणं?"

घराचे एक लाख बारा हजार चारशे धरले होते. शेतावरचा प्रत्येक खर्च मी वहीत लिहितो, खिळ्यांचासुद्धा. रात्री बारा वर्षांच्या वह्या चाळल्या होत्या. "माझ्या वह्यांत त्या घराचा एक पैसाही खर्च नाही," मी म्हणालो. "घर तिचं आहे."

साहेबांनी ते लिहून घेतलं. बाईनं विचारलं, "साहेब, मी नाही म्हनलं तं रस्ता थांबते काय?"

"रस्ता नाही थांबत, बाई. सार्वजनिक कामासाठी सरकार जागा घेऊ शकतं. पण कायद्याच्या आधाराशिवाय कुणाचंही काही काढून घेता येत नाही, असं राज्यघटनेत लिहिलंय. तुमचं ऐकून घ्यावं लागतं, मोबदला द्यावा लागतो. तोवर घराला हात लावता येत नाही."

"म्हंजे सरकारलेबी इचारा लागते?" ती माझ्याकडे वळली. "आयकलं का भाऊ? आन् माह्या घरचा मानूस मले न इचारता बकरी इकून आला!"

तलाठी हसला, साहेबही हसले. मला हसू आलं नाही. बारा वर्षांत मीही तिला काही विचारलं नव्हतं. मूल्यांकन झालं तेव्हासुद्धा नाही. एवढी अफाट ताकद असलेलं सरकार मात्र तिचं एकेक वाक्य लिहून घेत होतं आणि पुन्हा वाचून दाखवत होतं. सही करताना तिनं आपलं पूर्ण नाव सावकाश काढलं. तोवर सगळे थांबले.

मार्चअखेर पैसे जमा झाले. मला सदतीस लाख तीस हजार दोनशे. घराचे एक लाख बारा हजार चारशे त्या बाईला, तिच्या स्वतःच्या खात्यात.