बधिर ओठ

परभणीत दातांच्या दवाखान्यात मुलाचा नंबर यायची वाट बघत बसले होते. शेजारी एक मेंढपाळ, मांडीवर त्याची सहा-सात वर्षांची लेक, गालाला हात लावून मुसमुसणारी.

"दुधाचाच दात ना? पडेल आपोआप," मी म्हटलं.

"पडंल की ताई, तीन-चार वर्सानं. दुखायलंय आज. भाकर चावंना तिला."

आत जाताना लेकीनं विचारलं, "बा, दुखंल का?"

"सुई जराशी टोचंल. मी पाय धरून बसतो."

दात भरून झाल्यावर डॉक्टरांनी बजावलं, "ओठ बधिर आहे. चावला तरी तिला कळणार नाही. लक्ष ठेवा."

तो तिला घेऊन पायरीवर बसला आणि एकेका शेळीचं नाव विचारू लागला. बोलत राहिली तर ओठ चावायची नाही, हे त्याचं त्यालाच सुचलं होतं. ती जड जिभेनं सांगायची. नावं संपली की तो पुन्हा पहिलीपासून विचारायचा. मधूनच ओठाला हळूच चिमटा काढून म्हणायचा, "कळायलंय का?" ती मानेनंच नाही म्हणायची.

मुलाचं आटोपून आम्ही बाहेर आलो, तेव्हा तिनं चिमटा काढणारा बापाचा हात झटकला. "लागतंय की, बा!"

तो खूप हसला. मग त्यानं फडक्यात बांधलेली भाकर सोडून तिच्यापुढं धरली.