प्रभुभोजनाचं ताट

दौंडच्या आमच्या चर्चमध्ये तो माझ्या शेजारी बसतो. कुरकुंभच्या केमिकल कंपनीत ऑपरेटर आहे. नाइट शिफ्ट करून आला तरी उपासनेत कधी पेंगत नाही. प्रभुभोजनाचं ताट आलं की भाकरीचा तुकडा न घेता दोन्ही हातांनी अदबीनं माझ्याकडे देतो, कारण येशूच्या आठवणीचा तो तुकडा बाप्तिस्मा झालेल्यांनीच खायचा असतो, आणि त्यानं अजून बाप्तिस्मा घेतलेला नाही. जो आईबापाचा द्वेष करत नाही त्याला माझा शिष्य होता येणार नाही, या येशूच्या वचनापाशी तो अडलाय.

"आईचा द्वेष मला जमायचा न्हाई," त्यानं एकदा पास्टरांना सांगितलं.

"अहो, ती बोलण्याची रीत आहे. आईपेक्षा देवावर जास्त प्रेम करा, एवढंच."

"कंपनीत व्हॉल्व्हवर 'उघडू नये' लिवलंय. तिथं मी रीत बघत न्हाई."

"तुमची आई चिडून 'मर मेल्या' म्हणते, तेव्हा मरता का?"



"आईला मी लहानपणापासनं वळखतो," तो म्हणाला. "येशूची अजून तेवढी वळख न्हाई."

पुढच्या रविवारी त्यानं ताट माझ्याकडे दिलं. माझा बाप्तिस्मा तान्हेपणीच झालेला. ओळख आहे का, हे मला कुणी विचारलंच नव्हतं. मी तुकडा घेतला.