लिओनाचं बिंगो

गुरुवारी दुपारी चर्चच्या तळघरात लिओना कुझ्मा आकडे पुकारायला बसली, की तिच्यापुढे पाद्रीबाबांचंही काही चालत नसे. नियम तिचेच. पुकारणाऱ्यानं स्वतः खेळायचं नाही. आकडा दोनदा पुकारायचा नाही. आणि कार्डावरची ओळ भरली, की बिंगो म्हणायचं ते मोठ्यानं. पुटपुटलेलं बिंगो ती मोजत नसे.

पेनसिल्व्हेनियातल्या त्या जुन्या कोळशाच्या गावात बिंगोची बक्षिसं म्हणजे टॉयलेट पेपर, कपडे धुण्याची पावडर, शाम्पू, साबण. कुणी हसत नसे. सरकारी फूड कार्डावर पाव मिळतो, अंडी मिळतात, साबण मिळत नाही. सरकारच्या हिशेबी म्हातारा माणूस खातो, पण आंघोळ करत नाही.

आता खरं सांगायचं तर लिओना चक्क लबाडी करायची. प्रत्येकाचं लकी कार्ड वर्षानुवर्षं तेच, आणि ती सगळी कार्डं तिला तोंडपाठ. आकड्यांच्या फिरत्या पिंजऱ्यातून निघायची बारा नंबरची गोळी आणि ही बेधडक नऊ पुकारायची. स्टॅश नोवाकच्या शर्टाची कॉलर कळकट दिसू लागली, की त्या गुरुवारी पावडर स्टॅशलाच लागे. दर शनिवारी ती पापं कबूल करायला जाई, पण हे पाप तिनं पापात कधी धरलंच नाही.

या हिवाळ्यात तिचा नवरा गेला आणि त्याच्यामागे घरातलं निम्मं पेन्शनही गेलं. उरलेलं पेन्शन घर गरम ठेवण्यात संपू लागलं. साबणाचा शेवटचा तुकडा विरघळला, शाम्पूच्या बाटलीत पाणी घालून घालून पाणीच उरलं. बक्षिसांच्या कपाटाची किल्ली तिच्या गळ्यातच होती. पण दुसऱ्यासाठी लबाडी करणं वेगळं आणि स्वतःसाठी कपाट उघडणं वेगळं. ती चोरी झाली असती.

खायचा सोडा मात्र फूड कार्डावर मिळतो. ती सोड्यानं दात घासू लागली, काखा चोळू लागली, केसही धुऊ लागली. केसांचा पार काथ्या झाला, तसा तिनं डोक्याला रुमाल बांधला. आपल्या अंगाला वास येतो या धास्तीनं मिठ्या मारणं सोडलं आणि पुकारायचं टेबल ओढून पार खिडकीपाशी नेलं. कुणी विचारलं तर म्हणे, हवा लागते. बाया आपल्यापासून खुर्ची सरकवून बसतील, त्यापेक्षा आपणच सरकलेलं बरं, असं तिला वाटे. आणि उद्या कुणी नाक मुरडलंच, तर गुरुवारही जाईल. तिच्याजवळ गुरुवारशिवाय होतं काय?

दुकानात तिची मैत्रीण व्हर्ना रांगेत नेमकी मागे आली. सोड्याचे डबे पाहून म्हणाली, "केवढे केक करतेस गं?" लिओना म्हणाली, करते आपली. व्हर्नानं ते डबे मोजले. लिओनानं केक केला आणि तो व्हर्नाच्या घरी आला नाही, असं आजवर घडलं नव्हतं.

पुढच्या गुरुवारी लिओना आली तर तिच्या खुर्चीत स्टॅश. तुझा घसा बसलाय म्हणे, असं त्यानं तिलाच सांगितलं. माझा घसा ठणठणीत आहे, असं ती ओरडून सांगत असतानाच व्हर्नानं तिला आपल्या शेजारी दाबून बसवलं आणि पुढ्यात कार्ड ठेवलं. लिओनाचंच, ती पुकारू लागण्याआधीचं जुनं कार्ड, ज्यावर तिच्या नवऱ्यानं एकदा कॉफी सांडली होती ते.

लबाडी करावी तर लिओनानं. स्टॅश चष्मा कपाळावर सरकवून सरळ तिच्या कार्डात डोकावे, परत जाई आणि आकडा पुकारे. दुसरं कुणी आपल्या कार्डावर सोंगट्या ठेवायचं नाटकसुद्धा करत नव्हतं. लिओनाच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. तिचे कान तापले. उठून जावं, पुन्हा या तळघरात पाऊल ठेवू नये, असं झालं. शेवटची सोंगटी तिनं मुठीत दाबून धरली.

"चव्वेचाळीस," स्टॅश म्हणाला. थोडं थांबून पुन्हा, "चव्वेचाळीस."

"स्टॅश, आकडा दोनदा पुकारायचा नाही."

"कोणी ठेवलाच नाही, तर मी काय करू?"

व्हर्ना तिच्या कानाशी वाकली. खूप दिवसांनी कुणीतरी इतकं जवळ आलं होतं. लिओना मागे सरू लागली, तर व्हर्नानं तिचा दंडच धरला.

"मला बक्षिसात मोठ्यांचे डायपर लागले होते, आठवतं? माझ्या कार्डावर ते आकडे आपोआप आले असं मला वाटलं होतं का गं? मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं मला. तरी मी बिंगो म्हणालेच ना? तुझ्यासाठी म्हणाले. आता तू म्हण."

लिओनानं मूठ उघडली. सोंगटी घामानं ओली झाली होती. ती तिनं चव्वेचाळीसवर ठेवली आणि ओठांतल्या ओठांत म्हणाली, "बिंगो."

स्टॅशनं कानामागे हात धरला.

"पुटपुटलेलं चालत नाही इथे."

मग लिओना उठून उभी राहिली, डोक्याचा रुमाल सोडला आणि मोठ्यानं म्हणाली.