राजेश्वरीबाईंनी अडवलेला जिना

इंदापूरच्या बाजारपेठेतल्या एका दुमजली व्यापारी संकुलात राजेश्वरीबाईंचं ब्लाउज शिवायचं दुकान होतं. बाई मूळच्या पळसदेवच्या. माप घेताना गोड बोलायच्या, पण कुणी उगाच शहाणपणा केला की तोंडाचा पट्टा सुटायचा. मग समोर गिऱ्हाईक आहे की पुढारी, हे त्या बघत नसत.

शेजारी मोहनरावांचं खताचं दुकान. लासुर्ण्याचे ऊसवाले, गाळेधारकांचे अध्यक्ष, शब्दाला वजन असलेला माणूस. थप्पी कलंडू नये म्हणून त्यांच्याकडं खताची पोती थेट खांबांना टेकवून रचत. ओल्या दिवसांत खताला पाणी सुटायचं आणि खांबांत मुरायचं. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. अखेर प्लॅस्टरचे पोपडे पडले आणि आतल्या सळया गंजून फुगलेल्या दिसू लागल्या. बारामतीहून आलेल्या इंजिनिअरनं खांब ठोकून पाहिले आणि तोंडावर सांगितलं, आधी इमारत रिकामी करा, स्लॅबला टेकू द्या, सळया साफ करून खांब नव्यानं बांधून घ्या. तोवर आत कुणी बसायचं नाही.

गाळेधारकांनी माना डोलावल्या आणि दिवाळीनंतर बघू म्हणाले. दुकानात लक्ष्मीपूजन झालं नाही तर वर्ष कोरडं जातं, अशी सगळ्यांची समजूत. मोहनरावांनी गवंडी बोलावून सळया प्लॅस्टरखाली झाकल्या आणि वरून आंब्याच्या रंगाचा हात मारून घेतला. झालं, दुरुस्ती संपली!

बाईंचं डोकंच फिरलं. सळया-सिमेंटातलं त्यांना ओ की ठो कळत नव्हतं, पण अस्तर लावून आतला फाटका कपडा लपवायची खोड त्यांनी धंद्यात पुष्कळ पाहिली होती. वरच्या मजल्यावर पोरींची अभ्यासिका होती. भरतीची, बँकेची तयारी करणाऱ्या गावोगावच्या पोरी दिवसभर तिथं मान खाली घालून बसायच्या. ह्या पोरींना खालच्या खांबांचं कुणी सांगितलंसुद्धा नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी शिलाई मशीन ओढत जिन्याच्या तोंडाशी आणलं आणि तिथंच शिवायला बसल्या. येईल त्या पोरीला माघारी धाडू लागल्या. गाळेधारक जमले. कुणी समजावलं, कुणी दटावलं, कुणी तुमचं दुकान चालू देत नाही म्हणालं. बाईंनी मान वर केली नाही. भीती त्यांनाही वाटत होती, साऱ्या पेठेशी वैर धरणं म्हणजे खेळ नव्हे. पण राग भीतीहून मोठा होता.

तेवढ्यात मोहनराव आले. सोबत नात रोहिणी, पाठीला दप्तर. तीही वरच अभ्यासाला बसायची.

"राजेश्वरीताई, सणाच्या तोंडावर बदनामी लावलीय तुमी. उठा."

"न्हाय उठणार."

"आवं, खांब काय आजच पडतोय व्हय? इतकी वर्सं उभाच हाय न्हवं."

"आमचं जुनं गाव धरणात गेलं, तवा पाणी यायच्या आधी माणसं भाईर पडली. देऊळसुदिक मागं ठिवून आली. अन् तुमाला दिवाळीपुरता गाळा सुटंना."

"तुमी शिवणकाम करा. इमारतीचं आमी बघतो."

बाईंनी दातानं दोरा तोडला. उठल्या, मशीन बाजूला सारलं, जिना मोकळा केला.

"बघा की मग. पर एक करा. रोहिणीला तुमच्या हातानं वर न्हेऊन बसवा. सांजपतूर ती तितं बसंल, अन् तुमी हितं खाली गादीवर निवांत बसा. एवढं केलं, तर मी मशीन आत न्हेते अन् पुन्ना तोंड उघडत न्हाय."

रोहिणीनं पहिल्या पायरीवर पाय ठेवला. मोहनरावांनी तिचं मनगट धरलं आणि ते तसंच उभे राहिले.

"आबा, सोडा की. खिडकीजवळची जागा जाईल माझी."

त्यांनी सोडलं नाही. मोहनरावांनी पोरीला हळूच पायरीवरून खाली घेतलं.

"शटर वडा," ते कुणाकडंही न बघता म्हणाले. "समद्यांनी."