भाग्यलक्ष्मीचा मुकादम

शेळ्या राखणाऱ्या कुत्र्याला बिस्कीट टाकून तुम्ही कुणावर उपकार करता हो? कुत्र्यावर की बिबट्यावर?

गोव्यातल्या सुर्ला गावच्या भाग्यलक्ष्मीला विचारून बघा. विचारून झालं की जरा लांब उभे राहा.

खाण बंद पडली, नवऱ्याचा ट्रक विकला गेला, तेव्हा तिनं शेळ्या घेतल्या आणि गोठ्यापाशी कुत्रा बांधला. बिबट्यानं, गावच्या भाषेत वाघानं, आधी तोच नेला. गाव हळहळला आणि म्हणाला, दुसरा बांध.

"बांधलेला कुत्रा म्हणजे वाघाक वाढलेलां ताट! परत वाढू?"

ती घाटावरच्या एका धनगराकडून थोराड जातीचं पिल्लू घेऊन आली. त्यानं सांगितल्याप्रमाणे ते थेट शेळ्यांत सोडलं. दूध तिथंच, झोप तिथंच. लाड नाहीत, घरात पाऊल नाही. मोठा झाल्यावर, बिबट्याला नरडं धरता येऊ नये म्हणून, गळ्यात खिळ्यांचा पट्टा. कळपामागून असा रुबाबात फिरे की त्याचं नावच पडलं मुकादम.

नाक्यावरच्या चहावाल्या भिकाजीला मात्र राहवेना. कळप दिसला की तो उंडो, म्हणजे आपला गोल पाव, मोडून टाकी. होता होता मुकादम शेळ्या सोडून त्याच्या बाकड्याखाली लोळू लागला. आणि एका संध्याकाळी गाभण शेळी गेली.

भाग्यलक्ष्मी तडक दुकानात शिरली. "भिकाजीबाब, तुमच्या उंड्यान माझी शेळी खाल्ली!"

"उंडो खंय शेळी खाता गो?"

"खाता! राखणदार हंय लोळता, वाघ थंय जेवता. परत पाव घातल्यात तर ही किटली तुमच्या डोक्यार!"

पाव बंद झाला. सगळा पावसाळा तिनं कळप दुसऱ्या वाटेनं नेला. मुकादम पुन्हा शेळ्यांना चिकटला. पण खरंच चिकटला का, हे वाघ आल्याशिवाय कळणार कसं?

आला. दिवसाढवळ्या, खाणीच्या मातीच्या ढिगाऱ्याआडून. नेमका भिकाजी पावाची पिशवी घेऊन रस्त्यानं येत होता. कुत्रा आता मरतो, असं वाटून त्याचा जीव कळवळला. उंडो उंच धरून तो ओरडला, "मुकादम! यो रे, यो!"

भाग्यलक्ष्मीनं मुकादमाकडं बघितलं. आता वळतो की काय मेला?

मुकादमानं कानसुद्धा हलवला नाही. शेळ्या त्याच्यामागं गोळा झाल्या, तो छाती काढून पुढं झाला आणि असा भुंकला की ढिगारा घुमला. बिबट्या दबला, गुरगुरला, पुन्हा एक पाऊल पुढं आला. मुकादम दोन पावलं पुढं गेला. मग बिबट्यानंच पाठ फिरवली आणि रानात चालता झाला.

भाग्यलक्ष्मी रस्त्यावर आली. भिकाजीच्या हातातला उंडो तिनं काढून घेतला आणि उभ्या उभ्या स्वतःच खाल्ला.

"बघितलांत, भिकाजीबाब? माझो मुकादम लाच खायना!"

तेव्हा सुर्ल्याच्या रस्त्यानं जाताना शेळ्यांमागं खिळ्यांच्या पट्ट्याचा कुत्रा दिसला, तर त्याला यू-यू करू नका. बिस्किटाचा पुडा पिशवीतच राहू द्या. कृपा करा आणि पुढं चला.